वेलांकणीची यात्रा ठरवताना सहा जणांचं एक तिकीट काढू नका

मुंबईच्या पॅरिशमधून, म्हणजे आपापल्या चर्चच्या मंडळीतून, तमिळनाडूतल्या वेलांकणी मातेच्या तीर्थाला जाणाऱ्या गटात निम्मे तरी आजी-आजोबा असतात. सगळे एकत्र राहावेत म्हणून आपण एका तिकिटावर सहा नावं टाकतो आणि नेमकी तिथेच चूक होते. रेल्वेचा ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षांपासून मिळतो, पण तिकिटावर या वयाचे एक किंवा दोनच प्रवासी असले तरच. तिसरं नाव घातलं की तो कोटा गेला. आमच्या गटात गुडघेदुखीच्या एका मावशींना वरचा बर्थ आला, त्या रात्रभर खाली कोपऱ्यात बसून होत्या. मला ते अजून विसरता येत नाही.

म्हणून ज्येष्ठांची दोघा-दोघांची तिकिटं काढा. डबे वेगवेगळे आले तरी चालेल, प्रत्येक जोडीची जबाबदारी एका तरुणाकडे द्या.

वेलांकणीचा सण २९ ऑगस्टला ध्वजारोहणाने सुरू होतो, ८ सप्टेंबरपर्यंत चालतो. आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. म्हणजे २७ ऑगस्टला निघायचं तर २८ जूनला तयार राहायला हवं. त्याच्या आधीच्या रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) झाल्यावर आधार कार्डावरची नावं आणि वयं लिहून घ्या. गर्दी झेपणार नसेल, तर सण टाळून जानेवारीत जा. तेव्हा ऊनही सोसवतं.