धडधड कागदावर कशी पकडावी

छातीतील धडधडीची तक्रार घेऊन रुग्ण डॉक्टरांपुढे बसतो, तोवर ती बहुधा थांबलेली असते. ईसीजी निर्दोष निघतो आणि घरचे ‘टेन्शन घेतोस’ म्हणून मोकळे होतात. साध्या ईसीजीत हृदयाचे जेमतेम १० सेकंद टिपले जातात, त्यामुळे त्रास चालू असतानाची नोंद मिळवणे हेच निदानातील मुख्य काम आहे.

धडधड सुरू होताच बसून घ्यावे, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. १५ सेकंद मोजून चौपट करण्याची सवय बेताल नाडीत फसवते. विश्रांतीत ६० ते १०० ठोके सामान्य मानतात. एकाएकी सुरू होऊन एकाएकी थांबणारी, १५० ते २०० च्या घरातील नियमित नाडी एसव्हीटी (हृदयाच्या वरच्या भागातून उठणारी जलद धडधड) सुचवते, तर दोन ठोक्यांतील अंतराला काहीच ताळमेळ नसेल तर एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची) शंका घ्यावी. त्याच वेळी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढावा व पट्टीचा लगेच फोटो घ्यावा, कारण हा उष्णतेने खराब होणारा थर्मल कागद असतो आणि नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तो टिकेल याचा भरवसा नाही. मात्र भोवळ, छातीत दुखणे किंवा दम लागणे यांपैकी काही असल्यास मोजत न बसता १०८ ला फोन करावा.

त्रास रोजचा असेल तर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी टिपणारे छोटे यंत्र) पुरतो. महिन्यातून एकदा होणारी धडधड त्यात सापडेलच असे नाही, तेथे अधिक दिवसांचे यंत्र मागावे. सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन व पोटॅशियम तपासतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असताना उन्हाळ्यात जुलाब झाले, तर पोटॅशियम घसरून ठोके बिघडू शकतात.

एसव्हीटीत बहुतेकांना कॅथेटर अॅब्लेशनने (रक्तवाहिनीतून नळी नेऊन हृदयातील दोषी जागा निकामी करण्याने) कायमचा आराम मिळतो, आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेण्यापेक्षा त्याबद्दल लवकर विचारणे मला शहाणपणाचे वाटते. नागपुरात ‘मेडिकल’च्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे, तेथे ही चौकशी करता येईल. ठोके फार मंदावून चक्कर येत असेल तर पेसमेकर लागू शकतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये खरी भीती हृदयात गुठळी होऊन अर्धांगवायू होण्याची असते, म्हणून अनेकांना रक्त पातळ करणारे औषध देतात. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना नव्या गोळ्यांऐवजी वॉरफेरिनच देतात. त्यात आयएनआर (रक्त किती पातळ झाले हे दाखवणारी तपासणी) साधारण २ ते ३ ठेवायचा असतो, आणि पालेभाजी सोडायची नसून तिचे प्रमाण रोज सारखे राखायचे असते.