नाताळच्या गायनापूर्वी डबल बासची तयारी

वसई ते वेंगुर्ले या पट्ट्यात नाताळच्या गायनाला डबल बासची, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या उभ्या वाद्याची, साथ करणाऱ्यांनी बोटांच्या सरावाआधी वाद्य तपासून घ्यावे, कारण पावसाळाभर दमट हवेत उभे राहिलेले वाद्य जूनमध्ये होते तसे ऑक्टोबरमध्ये राहिलेले नसते. ओलाव्याने वरची फळी फुगते, तिच्यावरचा, तारांना आधार देणारा ब्रिज किंचित उचलला जातो आणि तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटांनी त्या दाबायच्या फळीपासून, दूर जातात. मग डावा हात दाबून दाबून थकतो आणि वादक दोष आपल्या बोटांना देतो. ब्रिजला उंची बदलण्याची चाके असतील तर तारा थोड्या सैल करून ती फिरवावीत, नसतील तर जाणकार कारागीर गाठावा. वाद्याच्या कडेकडेने बोटाच्या पेराने हलके ठोकत जावे. जिथे भरीव आवाजाऐवजी फुटका, कापरा आवाज येईल तिथला जोड सुटलेला असू शकतो. हे जोड पुन्हा उघडता यावेत म्हणून सरसाने चिकटवलेले असतात, त्यामुळे त्यांत बाजारी गोंद कधीही भरू नये.

पोलादी तारांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, म्हणून प्रत्येक सरावानंतर त्या कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात आणि गजाचे केस सैल करूनच गज ठेवावा. गजाच्या केसांना लावायची बासची राळ मऊ असते व उन्हात तापलेल्या गाडीत ती वितळून पसरते, तेव्हा ती घरात सावलीतच असू द्यावी.

उभे राहताना एंडपिन, म्हणजे वाद्याच्या बुडाची टेकणीची काठी, अशी लावावी की नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाचा तारा टेकणारा तुकडा, साधारण कपाळाच्या उंचीला येईल आणि वाद्याचा भार अंगावर टेकलेला राहील. वाद्य सावरण्याचे काम डाव्या हाताकडे मुळीच असता कामा नये. तो हात फक्त सुरांसाठी मोकळा हवा.

आता बोटांकडे वळावे. सुमारे 105 सेंटीमीटर लांबीच्या तारेवर पहिला अर्धस्वर नटपासून जवळजवळ 6 सेंटीमीटरवर येतो, तर व्हायोलिनवर तेच अंतर 2 सेंटीमीटरही भरत नाही. म्हणूनच बासवादक व शिक्षक फ्रांझ सिमांडल (1840–1912) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत खालच्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात नटजवळ असताना, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी हीच बोटे सुरांसाठी वापरतात, त्यांना 1, 2 आणि 4 असे क्रमांक देतात आणि अनामिका करंगळीच्या पाठीशी तारेवर ठेवतात. दोन शेजारच्या क्रमांकांत एक अर्धस्वर, म्हणजे तर्जनीपासून करंगळीपर्यंत एक पूर्ण स्वर, हा हाताचा ठरलेला साचा असतो. हाफ पोझिशनमध्ये, म्हणजे तर्जनी नटलगतच्या पहिल्या अर्धस्वरावर असताना, हे अंतर सुमारे 11 सेंटीमीटर होते. बोटे गोलाईत आणि अंगठा वाद्याच्या मानेच्या मागे मधल्या बोटासमोर असावा. मला विचाराल तर या तयारीत सगळ्यात जास्त वेळ याच साच्याला द्यावा, कारण बासवर सुराची जागा दाखवणाऱ्या पट्ट्या नसतात. बोटांमधले अंतर हाताला पाठ असले तरच सूर सापडतो.

त्यासाठी फोनवरील तानपुऱ्याच्या ॲपवर एफचा सूर लावून हाफ पोझिशनमध्ये एफ मेजर ही स्वरमालिका वाजवावी. सर्वांत जाड ई तारेवर 1 आणि 4, मग ए तार मोकळी (न दाबता), तिच्यावर 1 आणि 4, नंतर डी तार मोकळी व शेवटी तिच्यावर 2 आणि 4, एवढ्यात पूर्ण सप्तक हात न सरकवता भरते. मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून प्रत्येक सुराला चार मात्रांचा गज द्यावा. त्याच तारेवर पुढचे बोट टेकले तरी मागचे उचलू नये, कारण मागचे बोट जागेवर राहिले की साचा मोडत नाही. मधूनच अंगठा मानेवरून सोडून पाहावा: सूर तरीही स्वच्छ राहिला तर तार हाताच्या वजनाने दाबली जात आहे, आणि तो लगेच पोकळ झाला तर आतापर्यंत अंगठ्याची पकडच सारे करत होती. करंगळी चढत्या क्रमात सहसा सुराखाली राहते. ती कानाने तपासावी, डोळ्यांनी नव्हे.

त्यानंतर सर्वांत बारीक जी तारेवर एकट्या तर्जनीने ए, बी, सी, डी असे सरकावे. सरकताना दाब हलका करावा, अंगठा हातासोबत गेलाच पाहिजे आणि पुढचा सूर मनात ऐकल्याशिवाय हात हलवू नये. पुष्कळ वाद्यांत अंगठा मानेच्या बुडाला टेकला की तर्जनी डीवर येते; आपल्या वाद्यात ती डीवर येते की ई फ्लॅटवर, हे एकदा पक्के करून ठेवावे, कारण हा एकच टप्पा अंधारातही सापडतो. थंब पोझिशन, म्हणजे तारेच्या मध्यावरच्या हार्मोनिकपासून (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणाऱ्या सुरापासून) अंगठा आडवा टेकवून वाजवणे, नाताळच्या साथीत क्वचितच लागते. ती यंदा बाजूला ठेवली तरी चालेल. बोटाला फोड आला असेल तर त्या दिवशी फक्त मोकळ्या तारांवर गज चालवावा, आणि मनगट दुखू लागले तर सराव तिथेच थांबवावा.

कार्यक्रमाच्या दिवशी वाद्य टेम्पोत कडेवर आडवे, ब्रिजवर काहीही न टेकेल असे ठेवावे आणि गायनाच्या किमान तासभर आधी चर्चमध्ये पोहोचून ते तिथल्या हवेत स्थिरावू द्यावे. ए तार ऑर्गनशी जुळवून घ्यावी. मग नटपासून तारेच्या पाव लांबीवर सुराने खालच्या तारेचे आणि एक तृतीयांश लांबीवर तिच्या वरच्या तारेचे हार्मोनिक एकत्र वाजवून, दोन्हींतली थरथर थांबेपर्यंत बाकीच्या तारा लावाव्यात. गुळगुळीत फरशीवर एंडपिन सरकते, म्हणून तिच्याखाली रबरी तुकडा ठेवावा, आणि पिशवीत राळ, फडके, पेन्सिल व तारांचा जादा संच आहे का, हे घरातून निघण्यापूर्वीच पाहावे.