डेटाबेसमध्ये वेळ कशी साठवावी, म्हणजे तारीख घसरणार नाही

पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसची सिस्टीम मी सांभाळत होतो. 12 फेब्रुवारीला पहाटे 2:10 ला भरलेला द्राक्षांचा कंटेनर अहवालात 11 तारखेला दिसला. नोंद बरोबर होती, पण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर होता. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथे आदल्या रात्रीचे 8:40 वाजले होते. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक गाडी अशीच मागच्या तारखेत जात होती.

आधी कॉलमचा प्रकार बघा. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर घडून गेलेल्या घटनांसाठी 'टाइमस्टॅम्पटीझेड' घ्या. नावात 'टीझेड', म्हणजे टाइम झोन (त्या भागाची वेळ) असला तरी तो झोन साठवत नाही; आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, झोनमध्ये आणतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा 'टाइमस्टॅम्प'ही असाच वागतो, पण त्याची मर्यादा जानेवारी 2038 पर्यंतच आहे. तिथला 'डेटटाइम' काहीच बदलत नाही, दिलेले आकडे तसेच ठेवतो.

झोन लिहिताना 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण नाव द्या. 'आयएसटी' हे लघुरूप कधीच नको. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा घेऊ शकतो.

मग अहवाल. दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात, दोन्ही भारतीय वेळेत ठरवा आणि मधल्या नोंदी मागा: सुरुवातीची वेळ धरून, शेवटची सोडून.

जुना कॉलम बदलायचा असेल तर घाई करू नका. त्यातले आकडे कोणत्या घड्याळाने लिहिलेत, हे ज्याची वेळ पक्की माहीत आहे अशा एखाद्या गेटपासशी ताडून बघा. बॅकअप घ्या, आणि रूपांतराच्या आज्ञेत तो झोन स्पष्ट लिहा. नाहीतर पोस्टग्रेस सेशनचा झोन धरून मोकळा होतो.

पुढे ठरलेल्या वेळेचं गणित वेगळं. रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी रोज त्याच्या सकाळी 10 ला बोलायचं असेल, तर 28 मार्च 2026 ला आपल्याकडे दुपारचे 2:30 वाजतील, आणि 29 ला तिथली घड्याळं पुढे सरकल्यामुळे 1:30. इथे स्थानिक वेळ आणि 'युरोप/ॲमस्टरडॅम' हे नाव, दोन्ही ठेवा. खुडणीच्या तारखेला मात्र वेळ चिकटवूच नका, साधा 'डेट' पुरे.

शेवटी दोन खोट्या नोंदी घाला, एक रात्री 12:10 ची, दुसरी सकाळी 6 ची. दोन्ही एकाच तारखेत आल्या की सिस्टीम पॅकहाउसच्या ताब्यात द्या.