ब्लीडर रेझिस्टर बसवताना या चुका टाळा

ब्लीडर रेझिस्टर म्हणजे सप्लाय बंद झाल्यावर कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर. तो आहे म्हणून कपॅसिटर रिकामा समजून स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला सांगतो, तरी दोन महिन्यांनी कुणाच्या तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक जळालेलं दिसतंच.

मे महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमचा थ्री-फेज ड्राइव्ह (मोटर चालवणारा, तिचा वेग सांभाळणारा डबा) बंद पडला होता. मालकाला घाई. आमच्या पोराने पंधरा मिनिटं थांबून झाकण काढलं. आत दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकावर एकेक ब्लीडर. त्याने खालचा कपॅसिटर मोजला, मीटरवर शून्य. वरचा मोजलाच नाही आणि दोन्ही टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. बार फुटल्यासारखा आवाज झाला, वितळलेल्या तांब्याचे कण त्याच्या मनगटात घुसले. डोळे वाचले, हे नशीब.

वरचा ब्लीडर ओपन होता, म्हणजे आतून तुटलेला. बाहेरून धड दिसत होता, फक्त मधल्या पट्ट्यावर तपकिरी डाग. शिवाय ड्राइव्ह मेलेला, म्हणजे आतला कंट्रोल सप्लायही बंद. चार्ज खाणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं. चालू मशीनपेक्षा बंद पडलेल्या मशीनला मी जास्त घाबरतो ते यामुळे. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक कपॅसिटर वेगळा मोजायचा, आधी मीटर चालू सप्लायवर तपासून घ्यायचा. चार्ज सापडला तर इन्सुलेटेड क्लिपा लावलेल्या 1 किलोओहम, 25 वॉटच्या रेझिस्टरने उतरवायचा आणि पुन्हा मोजायचं.

दुसरी चूक ब्लीडरच्या निवडीची. ‘वॉट बसतोय ना?’ एवढंच बघतात. 230 व्होल्टचा एसी सप्लाय रेक्टिफाय केला, म्हणजे डीसीत बदलला, की 325 व्होल्ट डीसी होतात. तिथे 470 किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर लावला तर हिशेबाने 0.22 वॉट, कागदावर बसतो. पण पाव वॉटचे बरेचसे कार्बन फिल्म रेझिस्टर 250 व्होल्टपर्यंतच चालतात. वॉटमध्ये बसूनही व्होल्टने मरतो. त्यात 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 50 व्होल्टवर यायला त्याला जवळपास सात मिनिटं लागतात. तेवढं थांबणारा मेकॅनिक मी अजून बघितलेला नाही.

मी तिथे 47 किलोओहमचे दोन, 2 वॉटचे, सिरीजमध्ये लावतो. प्रत्येकावर साधारण 163 व्होल्ट, 0.56 वॉट. दीड मिनिटात 50 व्होल्टच्या खाली. रात्री लाइन 260 वर चढली तरी चिंता नाही. वॉट निदान दुप्पट-तिप्पट धरा, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलच्या आत हात ठेववत नाही, आणि रेझिस्टरची क्षमता बहुधा 70 अंशांपर्यंतच पूर्ण मिळते.

ब्लीडर कपॅसिटरला चिकटवून बसवू नका. त्याच्या उष्णतेने कपॅसिटर आतून सुकतो. बोर्डापासून थोडा उंच ठेवा.

कनेक्टरच्या किंवा फ्यूजच्या पलीकडे तर मुळीच नको. कनेक्टर काढला, फ्यूज उडाला, की ब्लीडर गेला. थेट कपॅसिटरच्या पायांवर हवा.

मोठा कपॅसिटर शून्यावर आणला तरी थोड्या वेळाने व्होल्टेज परत वर येतं. काम चालू असेपर्यंत चार्ज उतरवायच्या रेझिस्टरच्या क्लिपा काढू नका.