घरात दारू शिरली असेल तर: सोलापुरात मदत कुठून सुरू करायची

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी पूर्व भागात माझं जाणं-येणं चालूच आहे. तिथे बायकांच्या मांडीवर सूप असतं. तेंदूच्या पानात तंबाखू भरत, हात न थांबवता त्या विचारतात, "बाई, ह्यांचं पिणं म्हणजे आजार आहे की नुसता माज?" मी आधी या प्रश्नापाशीच थांबते, कारण माज म्हटलं की घरचे मारायला धावतात आणि आजार म्हटलं की फक्त गोळ्या आणतात.

अभ्यासकांनीही यावर पुष्कळ डोकं चालवलंय. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूच्या व्यसनाला आजार म्हणून मान्यता दिली. १९६० मध्ये जेलिनेकने तो विचार सविस्तर मांडला. खांत्झियन १९८५ मध्ये म्हणाला, माणूस आतलं दुखणं दाबायला नशा करतो. त्याआधी, १९७७ मध्ये एंगेलने आजाराकडे शरीर, मन आणि समाज असं एकत्र बघायला शिकवलं होतं. मला एंगेल पटतो. फक्त कुठल्या वेळी काय पुढे घ्यायचं, हे ओळखता आलं पाहिजे.

दारू थांबवल्यावरचे पहिले चार-पाच दिवस शरीराचे. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, बरळणं, माणसं न ओळखणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. त्याला सिव्हिलमध्ये न्या. झटका आला किंवा बरळू लागला तर थेट कॅज्युअल्टीत, नाहीतर मानसोपचार ओपीडीत. केसपेपरवर सही करताना पेन कागदावर टेकत नसेल, शर्ट घामाने ओला असेल, तर रांगेत थांबू नका, तिथल्या सिस्टरला लगेच दाखवा. डॉक्टरांना "थोडीफार घेतो" असं सांगून उपयोग नाही. रोज किती क्वार्टर, देशी की हातभट्टी, शेवटची कधी घेतली, पूर्वी झटके आले होते का, हे घरूनच चिठ्ठीवर लिहून न्या.

आणि हात जोडून सांगते, चहात किंवा भाजीत लपवून कुठलीही पावडर देऊ नका. त्यात दारू सोडवायला देतात ते डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि त्या माणसाला माहीत असतानाच घ्यायचं असतं.

शरीर सावरलं की खरं काम सुरू होतं, आणि ते गल्लीत असतं. यंत्रमागावर काम करणाऱ्याचा पगाराचा दिवस आठवा. दिवसभर मागाचा खडखडाट, संध्याकाळी हातात रोकड, बरोबर तेच दोस्त आणि वाटेत तेच दुकान. सवय या साखळीत बसलेली असते, म्हणून साखळीच तोडायची. पगार शक्य असेल तर खात्यात घ्यायला सांगा. त्या संध्याकाळी भाऊ नाहीतर मेव्हणा कारखान्याच्या दारात हजर राहू दे, दुसऱ्या रस्त्याने घरी आणू दे, आणि घरी आल्या आल्या ताट वाढा, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते.

परिस्थितीचा हात किती मोठा असतो, ते आपल्या जिल्ह्यातच दिसलं. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते ग्रामीण पोलीस अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू झालं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्ट्यांवर नुसते छापे न घालता लोकांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग शोधून द्यायचा प्रयत्न झाला. एका घरालाही हेच लागू पडतं. दारू काढून घेतलीत, तर त्या रिकाम्या संध्याकाळी तो काय करणार, हेही ठरवावं लागतं.

तो तयारच नसेल तर? प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या अभ्यासकांनी सांगितलेल्या, सवय बदलण्याच्या टप्प्यांत "मला काही झालेलं नाही" हाही एक टप्पाच आहे. प्यायलेला असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना, एकच झालेली गोष्ट सांगा: "काल पोरगी घाबरून शेजारी झोपली." त्याची उधारी फेडणं आणि मुकादमाला खोटं सांगणं बंद करा. हात उगारला तर मात्र ११२ किंवा १८१ ला फोन; तिथे आजाराची सबब चालत नाही.

तो येवो न येवो, वहिनी, तुम्ही स्वतःसाठी आधार शोधा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या सभा, १९३५ पासून आहे. फी नाही, पिणं थांबवायची इच्छा असली की पुरे. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. जवळच्या सभेची चौकशी १४४४६ वर किंवा ओपीडीतल्या समाजसेवकाकडे करा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. इतर कुठलंही केंद्र निवडताना नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, डॉक्टर कधी येतात ते विचारा. भेटू देत नसतील किंवा बांधून ठेवत असतील, तर तिथून माणूस परत आणा.

गांजा किंवा गर्द (ब्राउन शुगर) घेणाऱ्यांच्या घरी पोलिसांची भीती असते. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण केले तर खटल्यातून सूट आहे. वकिलाला हे कलम दाखवा.

पुन्हा प्यायला तर रडारड न करता दुसऱ्या सकाळी ओपीडी गाठा. गर्दवाल्याच्या बाबतीत जास्त सावध राहा. काही आठवडे बंद ठेवून पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. हाक मारून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ ला फोन करा.