मोठा कुत्रा आणि चाकं : सायकल, ट्रेलर, साइडकारमधून नेताना काय बघायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ४० किलोचं पोतं सायकलमागे ओढणं आणि ४० किलोचा कुत्रा ओढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोतं एकदा बांधलं की बांधलं, कुत्रा मात्र मांजर दिसलं की ताडकन उठतो, जिकडून वास येईल तिकडे सगळं वजन टाकतो, आणि तेव्हा तुम्ही वळणावर असाल तर एक चाक हवेत जातं. छोट्या कुत्र्याला बास्केटमध्ये बसवून लोक आरामात फिरतात, तोच हिशोब मोठ्या कुत्र्याला लावला की अपघात होतो. म्हणून गाडी कुठलीही असो, वजन जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली, आणि त्याला हलायला जागा जेवढी लागते तेवढीच.

माझा बंड्या ३६ किलोचा आहे, लॅब्रेडॉर मिक्स, आता वय झालंय आणि मागचे पाय दुखतात म्हणून लांब चालवत नाही, त्यामुळे आमचा सगळा प्रवास सायकल ट्रेलरमधून, म्हणजे सायकलमागे जोडायच्या छोट्या गाडीतून होतो. सुरुवातीला मी त्याचा आतला पट्टा ऐसपैस ठेवला होता, म्हटलं बिचाऱ्याला मोकळं वाटू दे. एकदा डावीकडे वळताना उजव्या बाजूला दुसरा कुत्रा भुंकला, बंड्या उठून थेट त्या कडेला गेला, आतलं चाक उचललं गेलं आणि ट्रेलर आडवा झाला. वेग अगदी कमी होता म्हणून खरचटण्यावर निभावलं, पण नंतर दोन आठवडे तो ट्रेलरकडे बघायलाही तयार नव्हता. तेव्हापासून मी पट्टा मोजून बांधते : आत बसता यावं, आडवं होता यावं, जागच्या जागी फिरता यावं, पण डोकं कडेच्या बाहेर जाता कामा नये. आणि पट्टा नेहमी हार्नेसला (छाती-पाठीभोवती बसतो तो), गळ्यातल्या कॉलरला कधीच नाही, कारण झटका बसला तर तो सगळा मानेवर बसतो.

ट्रेलर घेताना माप आधी घ्या मग बाकीचं बघा. कुत्र्याला सरळ उभं करून नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, आणि बसवून जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंत उंची. वजनाची मर्यादा ट्रेलरवर लिहिलेली असते, त्यात पाणी, गादी, सामान सगळं धरायचं, नुसता कुत्रा नाही. मर्यादेला अगदी टेकणारा ट्रेलर घेऊ नका. चाकं एकमेकांपासून लांब असलेला, बूड खाली असलेला ट्रेलर जास्त स्थिर राहतो, आणि खाली सस्पेन्शन असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना फार फरक पडतो. सायकलची फ्रेम कार्बनची असेल तर सायकल बनवणाऱ्याचं माहितीपत्रक वाचून बघा ट्रेलर लावायला परवानगी आहे का, बऱ्याच ठिकाणी नसते. सायकलच्या मागच्या चाकाला थ्रू एक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस) असेल तर त्याला वेगळा अडॅप्टर लागतो. हिचला, म्हणजे ट्रेलर सायकलला जिथे जोडतो त्या सांध्याला, मुख्य पिनशिवाय एक जादा पट्टा असतो तो सायकलच्या फ्रेमभोवती लावायचाच, पिन निघाली तर तोच ट्रेलर धरून ठेवतो.

अजून एक, जे कुणी सांगत नाही : कुत्रा ट्रेलरच्या एकदम मागच्या टोकाला बसला तर हिचकडची बाजू वर उचलली जाते आणि सायकलचं मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागतं. त्याचं वजन ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे पडलं पाहिजे. गादी तशी लावा, म्हणजे तो आपणहून तिथे बसेल.

गादीवरून आठवलं. बंड्याला परत ट्रेलरमध्ये आणायला मी खाऊ टाकला, लाडीगोडी लावली, काही उपयोग नाही, आत पाय ठेवला की परत बाहेर. मग एकदा शेजारी खाली बसून बघितलं तर त्याची नखं गुळगुळीत प्लॅस्टिकवर खर्रर्र खर्रर्र घसरत होती, मागचे पाय फाकत होते, आणि घसरू नये म्हणून तो अंग ताठ करून उभा राहत होता. खाली रबरी मॅट घातली, वर पातळ गादी, आणि त्याच संध्याकाळी तो आत जाऊन चक्क लोळला. कुत्रा गाडीत कुरकुर करत असेल तर आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.

सवय लावायला घाई अजिबात नको. पहिले काही दिवस ट्रेलर सायकलला जोडायचाच नाही, घरात ठेवायचा, चाकं अडकवून, आणि जेवण आत द्यायचं. मग तो आत असताना हाताने थोडं पुढे-मागे ढकला. मग सायकलला जोडून पण सायकल हातात धरून चालत, मग रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटं चालवत. प्रत्येक पायरीला कान मागे, सतत जांभया, ओठ चाटणं, भूक नसणं असलं काही दिसलं की एक पायरी मागे या. "थांब" आणि "बस" हे दोन शब्द ट्रेलरच्या आत पक्के झाल्याशिवाय वाहतुकीत नेऊ नका. चढायला-उतरायला शक्यतो रॅम्प वापरा, मोठा कुत्रा वरून उडी मारतो तेव्हा सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

ब्रेकचं सांगायचं तर ट्रेलर रिकामा असताना एकदा आणि तेवढ्याच वजनाचं काहीतरी भरून एकदा असं दोनदा रिकाम्या मैदानात जोरात ब्रेक मारून बघा, म्हणजे थांबायला किती अंतर जादा लागतं ते अंगात मुरतं. उतारावर वळताना ब्रेक दाबला तर मागचं वजन ढकलून सायकल आडवी करू शकतं, म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात कमी लावायचा.

काही जण म्हणतात ट्रेलर कशाला, कुत्रा सायकलच्या शेजारी पळेल ना. पळेल, पण सगळे नाही. मोठ्या जातींची हाडं वाढून पक्की व्हायला साधारण १८ महिने लागतात, एकदम अजस्र जातींना २४ पर्यंत, तोवर सायकलशेजारी लांब पळवू नका. पट्टा हँडलला बांधणं तर नाहीच नाही, आणि हातालाही गुंडाळायचा नाही, तो एक हिसका देईल आणि तुम्ही खाली. त्यासाठी सीटखाली किंवा मागच्या एक्सलजवळ लावायचा स्प्रिंगवाला आडवा दांडा मिळतो, तो हिसका खाली आणि सायकलच्या मधोमध आणतो म्हणून तोल सांभाळता येतो. कुत्रा वाहनांच्या विरुद्ध बाजूला. वेग तुम्ही नाही, त्याची दुडकी चाल ठरवते, मोठ्या कुत्र्याची ती साधारण ताशी १० ते १५ किमी असते, तो उड्या मारत पळायला लागला की तुम्ही जास्त वेगात आहात.

कार्गो सायकल, पुढे खोका असलेली, कुत्र्यांना फार आवडते कारण तो तुम्हाला दिसतो आणि तुम्ही त्याला. दोन चाकांची असेल तर ती तुमच्याबरोबर कलते, शिकायला वेळ लागतो पण नंतर छान चालते. तीन चाकांची उभी असताना एकदम स्थिर वाटते आणि तिथेच माणूस फसतो, वेगात वळलात तर ती बाहेरच्या बाजूला उलटू शकते आणि कुत्रा पण त्याच वेळी बाहेरच्या बाजूलाच कलतो. तिच्यावर वळण चालण्याच्या वेगाने.

मोटरसायकलवर पेट्रोलच्या टाकीवर किंवा स्कूटरच्या पायाशी मोठा कुत्रा उभा करून नेणारे दिसतात, कृपा करून हे करू नका. त्याला धरायला काही नसतं, तुमचे पाय अडकतात, हँडल पूर्ण वळत नाही. मोटरसायकलवरच न्यायचं तर साइडकार, म्हणजे बाजूला जोडलेली एका चाकाची बैठक. पण साइडकारवाली गाडी ही वेगळीच गाडी आहे हे लक्षात ठेवा, ती कलत नाही, ॲक्सिलरेटर दिला की साइडकारच्या बाजूला ओढते, आणि साइडकारच्या बाजूला जोरात वळलं की तिचं चाक उचलू बघतं. कुत्रा आत असला की तेच वजन चाक खाली धरून ठेवतं, उतरला की गाडी एकदम वेगळी वागते. म्हणून आधी महिनाभर एकट्याने सराव करा. कुत्र्याचा हार्नेस दोन बाजूंनी सीटला बांधा आणि त्याच्या डोळ्यांना गॉगल लावा, धूळ आणि किडे वेगात डोळ्यात गेले तर बुबुळाला जखम होते. गॉगलची सवय घरात, आधी काही सेकंद, मग मिनिटभर, प्रत्येक वेळी खाऊ देऊन.

बांधणं इतकं का महत्त्वाचं त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी २५ किमी वेगात गाडी अचानक थांबली तर न बांधलेला कुत्रा ज्या जोराने आपटतो तो सुमारे अडीच मीटरवरून पडण्याइतका असतो. ५० किमीला जवळजवळ १० मीटर. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून कारमध्येसुद्धा मागच्या सीटवर हार्नेस बेल्टला, किंवा डिकीत घट्ट बसवलेला पिंजरा.

उन्हाचं मात्र मनापासून सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि जाळीच्या ट्रेलरमध्ये हवा लागते ती गाडी चालू असेपर्यंतच, सिग्नलला थांबलात की आत भट्टी. त्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं तर जिवावर बेततं. चपट्या नाकाच्या आणि लठ्ठ कुत्र्यांना तर उष्माघात फार लवकर होतो. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झालीय, हिरड्या लालभडक, पाय लटपटतायत असं दिसलं की लगेच सावली, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरांकडे. पळणाऱ्या कुत्र्यासाठी हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंजांनाही चालणार नाही.

पोटभर जेवण झाल्यावर लगेच निघू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. पोट टम्म झालंय, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, बेचैन आहे, असं दिसलं तर तो आजार तासांचा खेळ असतो, थांबून वाट बघू नका, थेट डॉक्टर.

पाणी दर अर्ध्या तासाला थोडं थोडं द्या, एकदम वाटीभर नको. प्रत्येक थांब्यावर त्याला बाहेर काढायच्या आधी पट्टा हातात घ्या आणि मगच आतला हुक सोडा, उलट क्रमाने केलं की कुत्रा रस्त्यावर. घरी आल्यावर पंजे बघा, बोटांच्या मधेसुद्धा, काखेत हार्नेस घासून लाल झालंय का ते बघा, आणि तो पाणी पीत असेपर्यंत ट्रेलरचं एकेक चाक हाताने फिरवा, हवा आणि हिचची पिन तपासा.