पुनर्विकासासाठी घर रिकामं करताना सामान स्टोरेजमध्ये कसं ठेवावं

सोसायटी पुनर्विकासाला गेली की भाड्याचं घर बहुधा लहानच मिळतं आणि उरलेलं सामान दोन-तीन वर्षांसाठी स्टोरेजमध्ये जातं. म्हणजे त्यावरून दोन-तीन पावसाळे जाणार. मुंबई-ठाण्याच्या हवेत फुटतुटीइतकीच धास्ती ओलीची धरावी. म्हणून नियम एकच: आधी वाळवा, मग बांधा. जमलं तर हे काम एप्रिल-मेमध्येच उरका.

जागा बघताना तळमजल्यापेक्षा वरचा मजला घ्या. भिंतीवर पोपडे किंवा ओलीचे डाग दिसले तर ती खोली घेऊच नका, भाडं कितीही कमी असो.

यंत्रं

फ्रिज किमान एक दिवस आधी बंद करून दार उघडं ठेवा. बर्फ वितळल्यावर मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, आतून सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करा. ठेवताना दारात कापडाची गुंडाळी अडकवून फट राहू द्या. दार घट्ट बंद राहिलं तर आत बुरशी धरते आणि तो वास रबरात मुरतो. फ्रिज नेहमी उभाच न्यावा.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनला नवीन असताना मागून ड्रम आवळणारे बोल्ट असतात. ते पुन्हा लावल्याशिवाय मशीन उचलू देऊ नका. ड्रम हिंदकळून सस्पेन्शन जातं. बोल्ट हरवले असतील तर त्याच मॉडेलचे मागवा. नळीतलं आणि फिल्टरमधलं पाणी काढायला विसरू नका. घड्याळं, रिमोट, खेळणी यांतले सेल काढा, नाहीतर ते गळून आतले पत्रे खातात.

कपडे आणि गाद्या

इथे घाई अजिबात नको. कपडे धुऊन, कडक वाळवून, खळ न घालता ठेवा. खळीला कसर लागते. रेशमी आणि जरीच्या साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. जुन्या धुतलेल्या सुती कापडात किंवा मलमलीत एकेक गुंडाळा, जरीची बाजू आत घ्या. डांबरगोळ्या साडीला लागू न देता पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र टाकू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि कापडावर डाग पडतात.

कापसाची गादी दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट तापवा, पूर्ण गार झाल्यावर जुन्या चादरीत शिवून टाका. पॅकर्स तिला सरळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. गाडीत तेवढं चालेल, स्टोरेजमध्ये पोचताच ते काढा.

पुस्तकं, भांडी, लाकूड

पुस्तकं लहान, पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. वजन १५ किलोच्या आत ठेवा, तळाला चिकटपट्टी आडवी-उभी दोन्हीकडून मारा. पितळ-तांबं घासून उन्हात वाळवा आणि कापडात गुंडाळा. वर्तमानपत्र ओल शोषून धरतं आणि भांडी काळवंडतात. लोखंडी तवा, कढई, विळीचं पातं यांना तेलाचा हात द्या. काचेच्या ताटल्या आडव्या न रचता उभ्या भरा.

दिवाण, पलंग सोडवला की स्क्रू पिशवीत घालून त्याच पाटाला बांधा. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डचे पाय ओल पटकन ओढतात, त्यामुळे सगळं सामान जमिनीपासून चार इंच उंच, लाकडी पॅलेटवर ठेवा. भिंतीपासून तीन इंच अंतर सोडा.

काय ठेवू नये

गॅस सिलिंडर (रिकामासुद्धा), रॉकेल, रंग, थिनर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि खाण्याचं काहीही. मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळदसुद्धा झुरळांना पुरते. शेअर सर्टिफिकेट, विकासकाबरोबरचा करार आणि सोनं स्वतःजवळ किंवा बँकेच्या लॉकरमध्ये.

रचना

खोक्याच्या दोन बाजूंवर क्रमांक लिहा, वरच्या झाकणावर नको. एकावर एक रचल्यावर तो दिसत नाही. वहीत क्रमांकापुढे आतला माल लिहून मोबाइलवर फोटो काढा. जड सामान मागे आणि खाली, गणपतीची मखर, फराळाची भांडी, गरम कपडे दारापाशी. मधून दीड-दोन फुटांची वाट सोडाच. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या कपाटात आणि कोपऱ्यांत टांगा, त्यांखाली कापड नको. पिशवी फाटली तर खारं पाणी सांडतं. जूनच्या आधी आणि पावसाळ्यात दर महिन्याला पिशव्या तपासा. ऑक्टोबरच्या उन्हात एक फेरी मारून गाद्यांची खालची बाजू हाताने चाचपा, कपाटं उघडून दोन तास वारा लागू द्या, खोक्यांच्या तळाशी वाळवीची माती दिसते का ते बघा.